विश्लेषण : ‘मी रोबोट नाही’ हे किती वेळा सिद्ध करायचे? संकेतस्थळांची सुरक्षा आणि खऱ्या वापरकर्त्याची अडवणूक

रेल्वेचे तत्काळ तिकीट असो, सातबारा उतारा असो की सरकारी योजनेची ई-केवायसी. काम सुरू होण्याआधीच संकेतस्थळ परीक्षा घेते. वेडीवाकडी अक्षरे ओळखा, ट्रॅफिक सिग्नल असलेले चौकोन निवडा, मोबाइलवर आलेला ओटीपी दोन मिनिटांत टाका. दलालांची सॉफ्टवेअर आणि सायबर चोर यांना रोखण्यासाठी हा पहारा आहे. प्रत्यक्षात अनेकदा उलटे घडते. सॉफ्टवेअर सेकंदात आत जाते आणि खरा अर्जदार ‘पुन्हा प्रयत्न करा’ हा संदेश वाचत बसतो. असे का होते, आणि सुरक्षा कमी न करता दार मोकळे ठेवता येते का, याविषयी.

हा पहारा मुळात हवाच कशाला?

संकेतस्थळावर येणारा प्रत्येक पाहुणा माणूस नसतो. त्यात मोठा वाटा ‘बॉट’चा, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमचा असतो. सगळे बॉट वाईट नसतात. गुगलसारखी शोधयंत्रे पाने वाचण्यासाठी बॉटच पाठवतात. उपद्रवी बॉटचे साधारण चार प्रकार दिसतात. पहिला, एकाच वेळी लाखो विनंत्या पाठवून सर्व्हर ठप्प करणारा. दुसरा, इतरत्र चोरीला गेलेली युजरनेम-पासवर्डची जोडी शेकडो संकेतस्थळांवर लावून पाहणारा. तिसरा, माहिती घाऊक प्रमाणात उचलून नेणारा. आणि चौथा, मोजक्या संख्येने उपलब्ध असलेली गोष्ट, म्हणजे तिकीट, लसीची वेळ, मैफलीतील जागा, माणसाच्या आधी पटकावणारा.

पहारा ढिला पडला तर किंमत सामान्य माणसालाच मोजावी लागते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’ रुग्णालयाच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला. त्यानंतर अनेक दिवस रुग्णांची नोंदणी, अहवाल, बिले हे सारे हाताने करावे लागले. त्यामुळे ‘सुरक्षा काढून टाका, लोकांना सोपे होईल’ हे उत्तर नाही. प्रश्न इतकाच आहे की पहारेकऱ्याने कोणाला, किती आणि कसे तपासावे.

कॅप्चा आला कुठून?

ब्रिटिश गणितज्ञ अॅलन ट्युरिंग यांनी १९५० मध्ये एक प्रश्न मांडला होता. समोर न दिसणाऱ्या दोघांशी लेखी संवाद साधून त्यातला माणूस कोण आणि यंत्र कोण, हे ओळखता येईल का? ही ‘ट्युरिंग चाचणी’. कॅप्चा हे तिचेच उलटे रूप. येथे परीक्षा घेणारे यंत्र असते आणि माणूसपण सिद्ध करायचे असते ते माणसाने.

१९९७ मध्ये ‘अल्टाव्हिस्टा’ या शोधयंत्राने आपोआप भरल्या जाणाऱ्या पत्त्यांना आवर घालण्यासाठी वाकडी अक्षरे वाचण्याची अट घातली. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील लुईस फॉन आन, मॅन्युएल ब्लम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे या तंत्राला ‘कॅप्चा’ हे नाव दिले. त्यामागचा तर्क साधा होता. वाकवलेली, एकमेकांत घुसलेली अक्षरे माणूस सहज वाचतो. तेव्हाच्या संगणकाला ती वाचता येत नसत.

२००७ मध्ये फॉन आन यांनी ‘रीकॅप्चा’ आणले. त्यात दोन शब्द दिसत. एक संगणकाला माहीत असलेला, दुसरा जुन्या वर्तमानपत्राच्या किंवा पुस्तकाच्या स्कॅनमधला, संगणकाला न वाचता आलेला. पहिला शब्द बरोबर आला, की दुसऱ्याचे उत्तरही विश्वासार्ह धरले जाई. अशा रीतीने ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या जुन्या अंकांचे डिजिटायझेशन जगभरातील लोकांकडून नकळत करून घेतले गेले. २००९ मध्ये गुगलने ही कंपनी विकत घेतली.

मग यंत्राने माणसाला गाठले का?

गाठले, आणि मागेही टाकले. २०१४ मध्ये खुद्द गुगलनेच जाहीर केले, की त्यांची कृत्रिम बुद्धिमत्ता सर्वांत अवघड वाकडी अक्षरेही ९९.८ टक्के अचूकतेने वाचते. त्यानंतर अक्षरांची जागा ‘मी रोबोट नाही’ या चौकटीने आणि बस, सायकल, झेब्रा क्रॉसिंगच्या चित्रांनी घेतली.

चित्रांचा पहाराही फार काळ टिकला नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतील संशोधकांच्या गटाने २०२३ मध्ये १,४०० जणांकडून १४,००० कॅप्चा सोडवून घेतले आणि त्यांची तुलना बॉटच्या नोंदवलेल्या कामगिरीशी केली. बहुतेक प्रकारांत बॉट अधिक वेगवान आणि अधिक अचूक निघाले. वाकड्या अक्षरांत माणसे अडखळत होती, तर बॉट सेकंदाच्या आत उत्तर देत होते. २०२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या ‘ईटीएच झुरिक’ संस्थेतील संशोधकांनी गुगलचे चित्र-कॅप्चा १०० टक्के सोडवून दाखवले. त्यासाठी त्यांनी वापरले होते सर्वांना उपलब्ध असलेले चित्र ओळखण्याचे मॉडेल.

ज्यांना एवढाही खटाटोप नको, त्यांच्यासाठी दुसरा रस्ता आहे. कॅप्चा माणसांकडूनच सोडवून घेण्याचा धंदा. बॉटसमोर कॅप्चा आला, की त्याचे चित्र दूरच्या एखाद्या खोलीत बसलेल्या कामगाराकडे जाते. तो उत्तर टाइप करतो आणि बॉट पुढे सरकतो. २०१० मधील एका अमेरिकी अभ्यासानुसार हजार कॅप्चांचा दर साधारण एक डॉलर इतका खाली आला होता. या कामगारांत भारत, बांगलादेश आणि चीनमधील लोकही होते. म्हणजे कॅप्चामुळे हल्ला थांबत नाही, तो किंचित महाग होतो. हजारो रुपयांच्या नफ्यासाठी तिकिटे पटकावणाऱ्याला हा खर्च किरकोळ आहे. सामान्य माणसाला मात्र प्रत्येक वेळी स्वतःचा वेळ द्यावा लागतो. ‘क्लाउडफ्लेअर’ या कंपनीने २०२१ मध्ये हिशेब मांडला होता, की सरासरी एका कॅप्चाला ३२ सेकंद धरले तर साऱ्या जगाची रोज सुमारे ५०० वर्षे त्यात जातात. ही कंपनी कॅप्चाला पर्याय विकते, हे लक्षात ठेवूनच हा आकडा वाचायला हवा; तरी अंदाज यायला तो पुरेसा आहे.

चौकटीवर खूण करताना नेमके काय तपासले जाते?

‘मी रोबोट नाही’वर क्लिक करणे कोणत्याही बॉटला जमेल. खरी तपासणी क्लिकच्या मागे असते. माउस चौकटीपर्यंत कसा आला, ब्राउझर कोणता आहे, त्यात जुन्या कुकीज आहेत का, विनंती कोणत्या आयपी पत्त्यावरून आली, त्या पत्त्यावरून आधी काही गडबड झाली होती का, या साऱ्यावरून अंदाज बांधला जातो. गुगलने २०१८ मध्ये आणलेल्या तिसऱ्या आवृत्तीत तर बहुतेकदा कोडेच दिसत नाही. पाहुण्याला ० ते १ दरम्यान गुण दिले जातात आणि किती गुणांखाली अडवायचे, हे संकेतस्थळाचा मालक ठरवतो.

ऐकायला हे सोयीचे वाटते. गडबड येथेच सुरू होते, कारण हे गुण ‘माणूस आहे का’ यापेक्षा ‘नेहमीसारखा माणूस आहे का’ याला मिळतात. ज्याच्या ब्राउझरमध्ये वर्षांचा इतिहास साठला आहे, तो सुटतो. खासगीपणा जपण्यासाठी कुकीज पुसणारा, सायबर कॅफेतील संगणकावर बसलेला किंवा जुना फोन वापरणारा संशयित ठरण्याची शक्यता वाढते.

आयपी पत्त्याचा प्रश्न भारतात आणखी टोकदार आहे. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात मर्यादित आहेत. त्यामुळे मोबाइल कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असंख्य ग्राहक बसवतात. शंभर बिऱ्हाडांच्या चाळीला एकच दारक्रमांक असावा, तसे हे आहे. त्या चाळीतील एकाने आगळीक केली आणि पहारेकऱ्याने दारक्रमांकच काळ्या यादीत टाकला, तर उरलेली नव्याण्णव बिऱ्हाडेही बाहेर राहतात. घरी स्वतंत्र ब्रॉडबँड असलेल्याला हा त्रास क्वचित होतो. फक्त मोबाइल डेटावर अवलंबून असलेल्याला तो वारंवार होऊ शकतो.

यात सर्वाधिक अडतो कोण?

दृष्टिहीन व्यक्तींचा स्क्रीन रीडर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो. कॅप्चाचे चित्र त्याला वाचता येत नाही. वाचता आले असते, तर ते बॉटलाही वाचता आले असते. पर्याय म्हणून ध्वनी-कॅप्चा दिला जातो. त्यात गोंगाटामागून बोललेले शब्द किंवा आकडे ओळखायचे असतात, आणि ते बहुधा इंग्रजीत असतात. कमी ऐकू येणाऱ्याला किंवा फक्त मराठी जाणणाऱ्याला त्याचा काय उपयोग? गंमत अशी, की हा ध्वनीही यंत्राला चकवत नाही. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्येच गुगलचा ध्वनी-कॅप्चा सुमारे ८५ टक्के वेळा फोडून दाखवला होता.

कोविड लसीकरणाच्या वेळी ही अडचण जिवावर बेतणारी ठरली. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटासाठी ‘को-विन’वर नोंदणी करूनच लस मिळत होती. जागा खुल्या होताच काही सेकंदांत भरून जात. संगणक जाणणारी मुले प्रोग्रॅम लिहून रिकाम्या जागांवर नजर ठेवत होती. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता, ते केंद्राबाहेरून परत येत होते. ३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने या डिजिटल दरीवर बोट ठेवले आणि दृष्टिहीनांसाठी ध्वनी किंवा मजकूर स्वरूपातील कॅप्चा उपलब्ध नसल्याचीही नोंद घेतली. त्याआधी २४ मे रोजी सरकारने सरकारी केंद्रांवर थेट नोंदणीला परवानगी दिली होती. जूनमध्ये को-विन हिंदीसह मराठी आणि इतर भारतीय भाषांत आले.

त्यापुढचा टप्पा ३० एप्रिल २०२५ चा. अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या याचिकांवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने २० निर्देश दिले. बँक खात्यासाठीच्या डिजिटल केवायसीत कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून ‘जिवंत’ असल्याचे दाखवावे लागते. ज्यांच्या पापण्याच जळाल्या आहेत, त्यांनी काय करायचे, हा या प्रकरणातला मूळ प्रश्न होता. सुरक्षेची एकच कसोटी सर्वांना लावली, की ती काहींसाठी भिंत बनते, हे यातून लख्ख दिसले.

तत्काळ तिकिटांचा उपाय काय सांगतो?

तत्काळची खिडकी वातानुकूलित वर्गासाठी प्रवासाच्या आदल्या दिवशी सकाळी १० वाजता आणि इतर वर्गांसाठी ११ वाजता उघडते. पहिली काही मिनिटे म्हणजे युद्धच. रेल्वे मंत्रालयाने जून २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, तत्काळच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या एकूण प्रयत्नांपैकी ५० टक्क्यांपर्यंत प्रयत्न बॉटचे असत. बॉट ओळखणारी यंत्रणा बसवल्यानंतर अडीच कोटींहून अधिक संशयास्पद युजर आयडी बंद करण्यात आले. याचा अर्थ, त्याआधीची कित्येक वर्षे कॅप्चा असूनही दलालांची सॉफ्टवेअर बिनदिक्कत आत येत होती.

त्यानंतर रेल्वेने ओळखीचा मार्ग धरला. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आधार-पडताळणी झालेले खाते आवश्यक केले आणि १५ जुलैपासून तिकीट काढताना ओटीपी बंधनकारक केला. अधिकृत एजंटांना वातानुकूलित वर्गासाठी १० ते १०.३० आणि इतर वर्गांसाठी ११ ते ११.३० या वेळेत तत्काळ तिकीट काढण्यास मनाई करण्यात आली.

या दोन उपायांत मोठा फरक आहे. एजंटांवरील अर्ध्या तासाच्या बंदीमुळे सामान्य प्रवाशाला एकही जास्तीचे बटण दाबावे लागत नाही. तो नियमातला बदल आहे, आणि बॉट लावण्यामागचा फायदाच तो कमी करतो. आधार-ओटीपीचा भार मात्र थेट प्रवाशावर पडतो. ज्याचा मोबाइल क्रमांक आधारशी जोडलेला नाही, तो ऑनलाइन शर्यतीतून आधीच बाद होतो. त्याला रेल्वेच्या खिडकीवर रांग लावावी लागते. बॉट रोखण्यासाठी हजारो बनावट खाती अवघड करणे गरजेचे होते, हे खरेच. पण ‘खाते कोणाचे’ याची खातरजमा आधी सवडीने करता येते. तिकिटाच्या त्या दोन मिनिटांत, नेटवर्क अडखळत असताना, ओटीपीची वाट पाहायला लावणे ही वेगळी गोष्ट आहे.

ओटीपीवर किती भार टाकायचा?

महाराष्ट्रात याचे मोठे उदाहरण म्हणजे मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी. दरमहा १,५०० रुपयांचा लाभ घेणाऱ्या महिलांसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये ती सक्तीची झाली. लाभार्थी महिलेचा आधार क्रमांक, कॅप्चा आणि ओटीपी. त्यानंतर पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक, पुन्हा कॅप्चा आणि पुन्हा ओटीपी, अशी ही साखळी होती. अपात्र नावे गाळण्याचा हेतू रास्त. पण राज्यभरातून एकाच वेळी ताण आल्याने संकेतस्थळ अडखळत असल्याच्या आणि ओटीपी येत नसल्याच्या तक्रारी आल्या. ज्यांचे पती आणि वडील दोघेही हयात नाहीत, त्यांनी ओटीपी कोणाच्या फोनवर मागवायचा, हा प्रश्न उरलाच. पुढे मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवण्यात आली आणि अशा महिलांसाठी कागदपत्रे देण्याची वेगळी सोय करावी लागली. याच काळात खोटी संकेतस्थळेही उगवली. अधिकृत दार अडखळू लागले, की बनावट दारांचा धंदा वाढतो, हा सुरक्षेचा जुनाच धडा आहे.

ओटीपीची दुसरी मर्यादा म्हणजे तो सांगून टाकता येतो. फोनवर गोड बोलून ओटीपी काढून घेणारे भामटे आता गावोगावी माहीत आहेत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये डिजिटल व्यवहारांच्या पडताळणीचे नवे निर्देश जारी केले. त्यांची अंमलबजावणी १ एप्रिल २०२६ पासून ठरवण्यात आली. दोन टप्प्यांची पडताळणी त्यात कायम आहे, पण ती एसएमएस ओटीपीपुरतीच असावी असे नाही. व्यवहारातील जोखीम पाहून तपासणी कमी-जास्त करण्यासही त्यात वाव आहे.

पासवर्डचे कडक नियम उपयोगी ठरतात का?

‘एक मोठे अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, दर ९० दिवसांनी नवा पासवर्ड’ या नियमांचे मूळ अमेरिकेच्या ‘निस्ट’ संस्थेच्या २००३ मधील मार्गदर्शक पुस्तिकेत आहे. तिचे लेखक बिल बर यांनी २०१७ मध्ये निवृत्तीनंतर जाहीरपणे सांगितले, की त्यातील बऱ्याच सल्ल्यांचा आता पश्चात्ताप होतो. कारण लोक पासवर्ड बदलतात म्हणजे शेवटच्या १ चा २ करतात, किंवा कागदावर लिहून पडद्याला चिकटवतात. ‘निस्ट’ने नंतर आपली भूमिका बदलली. पासवर्ड लांब असावा, विनाकारण ठरावीक काळाने बदलायला लावू नये आणि तो पेस्ट करू द्यावा, असा सल्ला आता दिला जातो. पेस्ट बंद केल्याने सुरक्षा वाढत नाही. उलट लांब आणि वेगवेगळे पासवर्ड सांभाळणारी ‘पासवर्ड मॅनेजर’ साधने निकामी होतात. तरीही आपल्याकडील अनेक संकेतस्थळांवर पेस्ट आणि राइट-क्लिक बंदच असते.

असाच दुसरा सरसकट उपाय म्हणजे परदेशातून येणारी प्रत्येक विनंती नाकारणे. तणावाच्या काळात त्याला कारण असते. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षावेळी मुंबईतील दोन्ही शेअर बाजारांनी परदेशातून संकेतस्थळ पाहण्यावर तात्पुरते निर्बंध घातले होते. मात्र अनेक सरकारी संकेतस्थळांवर असा अडसर कायमचाच असतो. दुबईत नोकरी करणारा किंवा अमेरिकेत शिकणारा मराठी माणूस गावच्या जमिनीची नोंद पाहू शकत नाही. हल्लेखोर मात्र भारतातील एखाद्या बाधित संगणकामार्फत येतो आणि त्याला हा अडसर लागतच नाही.

मग तोल साधायचा कसा?

पहिली गोष्ट, तपासणी जोखमीच्या प्रमाणात असावी. सार्वजनिक माहिती वाचायला आलेल्याला कॅप्चा कशाला? बसचे वेळापत्रक पाहणे, अर्ज भरणे आणि बँक खाते बदलणे, या तिन्हींना एकच कुलूप लावणे म्हणजे घरातल्या फडताळालाही तिजोरीचे कुलूप लावण्यासारखे आहे.

दुसरी, शक्य तितका भार यंत्रावर टाकावा, माणसावर नाही. एका खात्यावरून मिनिटाला किती विनंत्या स्वीकारायच्या याची मर्यादा, गर्दीच्या वेळी सर्वांना क्रमाने सोडणारी आभासी रांग, वारंवार मागितली जाणारी पाने मुख्य सर्व्हरपर्यंत न जाता जवळच्या सर्व्हरवरून देणारे जाळे, हे उपाय वापरणाऱ्याला जाणवतही नाहीत. ब्राउझरकडून पडद्यामागे छोटेसे गणित सोडवून घेण्याचे तंत्रही वापरले जाते. एका पाहुण्याला ते क्षणाचे काम, पण लाखो विनंत्या पाठवणाऱ्याला विजेचा खर्च. एआय कंपन्यांचे बॉट पाने उपसू लागल्यावर २०२५ मध्ये आलेले ‘अनुबिस’ हे साधन याच तत्त्वावर चालते. त्यातही धोका आहेच. गणित अवघड केले, तर स्वस्त जुना फोन तापतो आणि पान उघडायला वेळ लागतो.

तिसरी, पासवर्ड आणि ओटीपीला ‘पासकी’चा पर्याय द्यावा. त्यात एक गुप्त किल्ली फोनमध्येच राहते आणि बोटाच्या ठशाने किंवा पिनने उघडते. संकेतस्थळाकडे फक्त तिची जोडीदार सार्वजनिक किल्ली असते. लक्षात ठेवायला काही नाही, फोनवर सांगायलाही काही नाही, आणि बनावट संकेतस्थळावर ही किल्ली चालत नाही. मात्र घरात एकच फोन असेल किंवा तो हरवला, तर पुढे काय, याची सोय आधी करावी लागते.

चौथी, प्रत्येक तपासणीला दुसरा रस्ता हवा. वेब सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या ‘डब्ल्यूथ्रीसी’ संस्थेने ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केलेल्या आवृत्तीत, लॉगिन करताना स्मरणशक्तीची किंवा कोडी सोडवण्याची परीक्षा एवढाच मार्ग ठेवू नये, असे म्हटले आहे. भारतातही दिव्यांग व्यक्तींचे हक्क कायदा २०१६ चा आहे आणि सरकारी संकेतस्थळांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे आहेत. नियमांची उणीव नाही; निविदेत सुलभतेची अट घालणे आणि संकेतस्थळ स्वीकारताना ती तपासणे, हे राहून जाते.

यश मोजायचे कशाने?

सगळ्या चर्चेचे मूळ येथे आहे. पहाऱ्याकडून दोन चुका होतात. एक, चुकीचा प्रवेश : बॉट आत गेला. दुसरी, चुकीचा नकार : माणूस बाहेर राहिला. पहिल्या चुकीची बातमी होते, चौकशी होते. दुसरीची नोंदच होत नाही. समजा, एखाद्या संकेतस्थळावर दिवसाला १ लाख खरे लोक येतात आणि पहारा त्यांच्याबाबत केवळ १ टक्का वेळा चुकतो. रोज १,००० माणसे परत जातात. सुरक्षेच्या अहवालात मात्र तेच ‘१,००० संशयास्पद विनंत्या रोखल्या’ असे यश म्हणून दिसते.

हा आकडा काढणे अवघड नाही. कॅप्चा किती जणांनी तीनपेक्षा जास्त वेळा चुकवला, ओटीपी मागितल्यावर किती अर्ज अर्धवट राहिले, अडवलेल्यांपैकी किती जण नंतर हेल्पलाइनवर किंवा सेवा केंद्रात आले, याच्या नोंदी सर्व्हरवर असतातच. त्या पाहणारा आणि त्यांना उत्तर देणारा अधिकारी नेमावा लागेल. आज संकेतस्थळावर अडलेला माणूस गावातल्या सेवा केंद्रात जातो आणि तिथे बसलेल्या तरुणाच्या हाती आधार क्रमांक, फोन आणि ओटीपी असे सगळेच देऊन टाकतो. सुरक्षेसाठी उभारलेला पहारा माणसाला नेमके तेच करायला लावतो, जे कोणी कधीही करू नये.

वाचकांनी कोणती काळजी घ्यावी?

खोट्या कॅप्चाचा नवा सापळा सध्या फिरतो आहे. ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ असे म्हणत पान संगणकावर विंडोज आणि ‘आर’ ही बटणे एकत्र दाबायला, मग काहीतरी पेस्ट करून एंटर करायला सांगते. असे केले, की स्वतःच्याच हाताने संगणकात चोरटे सॉफ्टवेअर उतरते. खरा कॅप्चा ब्राउझरच्या बाहेर काहीही करायला सांगत नाही. केंद्र आणि राज्य सरकारची बहुतेक अधिकृत संकेतस्थळे ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ने संपतात, पत्ता शेवटपर्यंत वाचावा. कॅप्चा वारंवार नाकारला जात असेल, तर व्हीपीएन बंद करून किंवा मोबाइल डेटाऐवजी दुसरे नेटवर्क वापरून पाहावे. तरीही काम अडले, तर स्क्रीनशॉट आणि वेळेसह संबंधित विभागाकडे लेखी तक्रार करावी. आपल्याला बॉट समजून परत पाठवले, हे विभागाच्या कागदावर येण्याचा तूर्त तरी तेवढाच मार्ग आहे.